इंजिन बांधल्यावर तेलाचा लाल दिवा लागतोय? पुन्हा खोलण्याआधी हे मोजा

माझ्या दादाची डिझेल गाडी अडीच लाख किलोमीटर चाललेली. फेब्रुवारीत तिचं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. बोरिंग म्हणजे सिलेंडर आतून घासणं, नवे पिस्टन-रिंगा, पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँक नावाच्या दांड्याचं ग्राइंडिंग, नवी बेरिंगं, सगळं झालं. मे महिन्यात एका दुपारी आम्ही वर्ध्याहून परत येत होतो. नागपुरात वर्धा रोडचा उड्डाणपूल उतरून अजनी चौकाच्या सिग्नलला थांबलो आणि डॅशबोर्डवरचं तेलाच्या बुधलीचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. दादाने ॲक्सिलरेटर जरासा दाबला, दिवा गेला. पाय काढला, परत आला. तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, गाडी मस्त चालून राहिली ना? मग लाइट काहून पाहता? गरमी आहे, होते असं."

ही वेळ आज बऱ्याच घरांत येते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपली तरी पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, जुनीची बॉडी धड असते, मग माणूस इंजिन बांधून घेतो. त्यात चांगले पन्नास-साठ हजार जातात. महिन्याभरात लाल दिवा लागला की पोटात गोळा येतो, आणि गॅरेजमध्ये तीन माणसं तीन उपाय सांगतात. एक म्हणतो स्विच बदला, दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका, तिसरा म्हणतो पंप गेला.

तिघांपैकी एखादा बरोबरही असेल. पण प्रेशर किती आहे हे कोणीच मोजलेलं नसतं. ते मोजायचं कसं आणि आलेला आकडा वाचायचा कसा, हे गाडीच्या मालकाला समजलं तर त्याचे पैसे वाचतात आणि बहुतेक वेळा इंजिनही वाचतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तो दिवा नेमकं काय सांगतो?

पहिला गैरसमज असा की लाल दिवा म्हणजे ऑइल कमी झालं. तसं नाही. जुन्या आणि मध्यम वयाच्या बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी बघतच नाही, प्रेशर बघतो. ऑइल प्रेशर म्हणजे पंपाने ढकललेलं ऑइल इंजिनच्या वाटांमधून जाताना त्याला जो अडसर होतो, त्यामुळे तयार होणारा दाब. हा दाब बारमध्ये मोजतात. गॅरेजमध्ये 'किलो' म्हणतात. एक किलो म्हणजे जवळपास एक बार, म्हणजे साधारण १४ पीएसआय.

इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटं स्विच बसवलेलं असतं. त्याच्या आत एक पडदा आणि एक स्प्रिंग. ऑइलचा दाब पडद्याला ढकलतो, स्विच उघडतं, दिवा विझतो. हे घडायला साधारण ०.३ ते ०.५ बार दाब पुरतो, आणि गोम नेमकी इथेच आहे. गरम इंजिन रिकामं फिरत असताना, म्हणजे आयडलला, तब्येत चांगली असेल तर ढोबळमानाने एक बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. मिनिटाला २००० फेऱ्यांना तो अडीच-तीनच्या पुढे जातो. दिवा लागला याचा अर्थ दाब अर्ध्या बारच्याही खाली आला. थोडी घट झाली म्हणून हा दिवा लागत नाही, जवळजवळ काही उरलं नाही तेव्हा लागतो. आणि दिवा लागत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. ०.७ बारवर चालणारं आजारी इंजिन एकही दिवा न लावता महिनोन् महिने फिरू शकतं.

ऑइल पूर्ण भरलंय, मग दाब का नाही?

याचं उत्तर नागपूरकराच्या खिडकीतच आहे. आपला वाळ्याचा कूलर घ्या. खालच्या टाकीत छोटा पंप, तिथून एक नळी वर जाते, तिला तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्याला बारीक भोकं. त्यातून पाणी तिन्ही बाजूंच्या वाळ्यावर पडतं. आता एका फाट्याच्या टोकाचं बूच निघून पडलं तर? पंप घूं घूं करत चालू असतो, टाकी काठोकाठ भरलेली असते, पण सगळं पाणी त्या उघड्या टोकातून वाहून जातं आणि लांबच्या बाजूचा वाळा कोरडा पडतो. भोकं झिजून मोठी झाली तरी हेच होतं. पंपाच्या जाळीत वाळ्याच्या काड्या अडकल्या तरी हेच.

इंजिनचं रचनेने तसंच आहे. खालच्या टाकीला चेंबर म्हणतात. त्यात बुडालेली जाळी म्हणजे स्ट्रेनर. तिथून पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि ब्लॉकमधून आडव्या खोदलेल्या मुख्य वाटेत सोडतो. या वाटेला गॅलरी म्हणतात. गॅलरीतून ऑइल क्रँकच्या मेन बेरिंगांना, तिथून क्रँकच्या आतल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांना आणि शेवटी वर हेडमध्ये, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला पोचतं. कॅम हा आपला लांबचा वाळा. दाब कमी झाला की बऱ्याचदा पहिली टकटक तिथूनच ऐकू येते.

कूलरशी असलेलं साम्य एका जागी मात्र संपतं. कूलरच्या पंपाची वाट बंद केली तरी तो नुसता फिरत राहतो. इंजिनचा पंप दातांच्या चाकांचा असतो, प्रत्येक फेरीला ठरावीक ऑइल तो पुढे ढकलणारच. वाट अडली तर दाब वाढत जाऊन काहीतरी फुटेल. म्हणून पंपाला स्प्रिंगवर बसलेला एक सुटकेचा व्हॉल्व्ह असतो, त्याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. दाब साधारण चार ते सहा बारच्या वर गेला की तो जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो.

तेव्हा पंप देतो तो प्रवाह. दाब तयार होतो पुढच्या अरुंद वाटांमुळे. वाटा रुंद झाल्या, एखादं बूच राहिलं, किंवा सुटकेचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर नवाकोरा पंप बसवूनही दाब येत नाही.

केसाएवढी फट आणि आठपट गळती

त्या अरुंद वाटा म्हणजे मुख्यतः बेरिंगांमधली फट. इथली बेरिंगं सायकलच्या चाकातल्यासारखी गोळ्यांची नसतात. अर्धवर्तुळात वाकवलेले दोन पातळ शेल असतात, ते एकत्र आले की एक गुळगुळीत कडं होतं आणि त्यात क्रँकचा गोल भाग फिरतो. त्या गोल भागाला जर्नल म्हणतात. जर्नल आणि शेल यांच्यात साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर फट ठेवतात. माणसाचा केस जेवढा जाड, तेवढी किंवा त्याहून कमी.

पावसाळ्यात रिंग रोडवर पाणी साचलेलं असताना जोरात जाणारी गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगल्यासारखी होते, हे अनेकांनी अनुभवलं असेल. फिरणारं जर्नल या फटीतलं ऑइल असंच स्वतःखाली पाचरीसारखं ओढून घेतं आणि त्या थरावर तरंगतं. धातूला धातू लागतच नाही. त्या पाचरीतला दाब शेकडो बारपर्यंत जातो आणि पिस्टनचा मार तोच झेलतो. पंपाच्या तीन-चार बारचं काम फक्त ही पाचर कोरडी पडू न देण्याचं.

आता महत्त्वाचं. फट दुप्पट झाली तर कडेने होणारी ऑइलची गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. ती फटीच्या घनात वाढते. म्हणजे ०.०४५ च्या जागी ०.०९ मिलिमीटर फट राहिली, तर डोळ्यांना कळणार नाही, बोटाला लागणार नाही, हाताने हलवून बघितलं तरी बरेचदा खेळ जाणवणार नाही. पण त्या एका बेरिंगमधून आठ बेरिंगांएवढं ऑइल गळेल आणि पुढच्यांच्या वाट्याला कमी येईल. 'नवी बेरिंगं टाकली आहेत, बेरिंगचा प्रश्नच नाही' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. बेरिंग नवं असेल, फट कोणी मोजली का?

गार असताना ठीक, गरम झाल्यावर दिवा, असं का?

कारण ऑइल पातळ होतं. ४० अंशांना जे ऑइल असतं ते १०० अंशांना सहा-सातपट पातळ झालेलं असतं. १२० पर्यंत गेलं तर त्यातही साधारण तिसरा हिस्सा घट. डब्यावरचे आकडे हेच सांगतात. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला वाहतेपणा सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरचा जाडपणा.

आता 'गरमी आहे, होते असं' याबद्दल. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो हे खरं. पण इंजिनचं पाणी थर्मोस्टॅट सांभाळतो, डिसेंबरातही आणि मेमध्येही ते ८५-९० अंशांच्या आसपासच राहावं अशी व्यवस्था असते. ऑइलला एवढा पहारा नसतो. तापलेला डांबरी रस्ता, सुरू एसी आणि लांबचा पल्ला असेल तर चेंबरमधलं ऑइल हिवाळ्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापू शकतं. निरोगी इंजिन यात ०.१-०.२ बार गमावेल, दिवा लागणार नाही. दिवा लागला तर दुखणं आधीपासून होतं, उन्हाने ते फक्त बाहेर काढलं. अजनी चौकात नेमकं हेच झालं. ७० किलोमीटर पळून तापलेलं ऑइल आणि सिग्नलला मंदावलेला पंप, दोन्ही एकाच वेळी. समृद्धी महामार्गावर तासन् तास १०० च्या पुढे जाऊन शिवमडक्याच्या टोकाशी टोलला थांबल्यावर दिवा बघणाऱ्यांचंही हेच असतं. धावताना पंप जोरात फिरतो म्हणून दाबाची कमतरता झाकली जाते, थांबलं की उघडी पडते.

गॅरेजला नेण्याआधी घरी पाहायच्या गोष्टी

सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डीपस्टिक पाहा. कमी असेल तर उघडच आहे. पण जास्त असेल तरी वाईट. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेने दाब धरत नाही. पातळी न भरता आपोआप वाढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पेट्रोल उतरतंय. कागदावर थेंब टाकून वास घ्या. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर रेडिएटरचं पाणी मिसळलंय. या दोन्हींत ऑइल पातळ होतं किंवा बिघडतं, आणि आधी ते कारण निस्तरावं लागतं.

मग स्विच. एकाच वायरचं जुन्या पद्धतीचं स्विच असेल तर चावी सुरू करून, इंजिन न फिरवता, वायर काढा. दिवा विझायला हवा. विझला नाही तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय, आणि पाचशे-हजाराचं स्विच बदलून काही होणार नाही. इंजिन बांधताना वायरिंग ओढलं जातं, गरम पाइपावर पडतं, त्यामुळे हे घडतंच. नव्या गाड्यांत दिवा कॉम्प्युटर लावतो, तिथे ही युक्ती चालत नाही, स्कॅनर लावावा लागतो. शिवाय काही नव्या इंजिनांचा पंप गरजेप्रमाणे मुद्दामच कमी दाबावर चालतो, त्यांना जुने ढोबळ आकडे लावू नयेत.

गेज लावल्याशिवाय एक बोल्टही सोडू देऊ नका

यावर मी अडून बसतो आणि तुम्हीही बसा. स्विच काढून त्याच भोकात काट्याचं साधं गेज बसवता येतं. गॅरेजवाल्याकडे नसेल तर स्पेअर पार्टच्या बाजारात मिळतं. भोकाचे आटे बघून बरोबर ॲडॅप्टर घ्या, जबरदस्तीने फिरवलं तर ब्लॉकचे आटे जातात.

एक मापन सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनवर. दुसरं, गाडी किमान अर्धा तास चालवून पूर्ण तापल्यावर. प्रत्येक वेळी आयडल, २००० आणि ३००० फेऱ्या, असे तीन आकडे. सहा आकडे कागदावर लिहून तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किमान दाबाशी ताडून पाहा. मॅन्युअल नसेल तर दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना अंदाज कामचलाऊ म्हणून वापरता येतो.

मग आकडेच बोलतात. काट्याने चांगला दाब दाखवला आणि दिवा तरी लागतोय, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. सुटलात. सकाळी भरपूर दाब, तापल्यावर आयडलला तळ, आणि फेऱ्या वाढवल्या की थोडा वर, असं असेल तर फटी मोठ्या आहेत, ऑइल पातळ आहे किंवा पंपाच्या आतली चाकं झिजली आहेत. सकाळीही कमी, तापल्यावरही कमी, फेऱ्या वाढवूनही फारसा फरक नाही, तर कुठेतरी सरळ वाट उघडी आहे. राहिलेलं बूच किंवा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, आधी तिकडेच बघायचं. काटा सारखा थरथरत असेल तर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतोय. आणि आयडलला ठीक, पण जोरात चालवत राहिल्यावर हळूहळू पडत जाणारा दाब स्ट्रेनरची जाळी तुंबल्याचं सांगतो. नव्या इंजिनात ती तुंबते बहुधा गॅस्केटऐवजी हात सैल सोडून लावलेल्या सिलिकॉनच्या लोळ्यांनी.

बांधलेल्या इंजिनातल्या नेहमीच्या चुका

जुनं झिजलेलं इंजिन आणि नुकतंच बांधलेलं इंजिन यांचा लाल दिवा एकच असला तरी संशयित वेगळे असतात. झिजलेल्यात वय शोधायचं, बांधलेल्यात राहून गेलेली गोष्ट शोधायची.

ब्लॉक बोरिंगला जातो तेव्हा गॅलरी साफ करण्यासाठी तिच्या टोकांची बुचं काढतात. परत लावताना एखादं राहतं, विशेषतः टायमिंग कव्हरच्या आत लपणारं. कूलरच्या नळीचं पडलेलं बूच ते हेच. बोरिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश घालून धुतला नाही तर घासकामाची बारीक कच गॅलरीत राहते. ती पहिल्याच दिवशी बेरिंगांत जाऊन बसते, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा धरते. स्ट्रेनरच्या नळीची रबरी रिंग जुनीच लावली तर तिथून हवा शिरते.

पंपाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ऑइलच्या वाटेवर पंप फिल्टरच्या आधी लागतो. म्हणजे मागच्या वेळी इंजिन जॅम झालं तेव्हा सुटलेले धातूचे कण गाळले न जाता पंपातून गेलेले असतात. म्हणून इंजिन बांधताना पंप उघडून त्याच्या चाकांवरचे ओरखडे आणि कव्हरमधली फट मोजणं सक्तीचं समजायला हवं. 'पंप चांगला दिसला म्हणून तोच टाकला' हे ऐकलं की मला धास्ती वाटते.

आणि मापं. क्रँक झिजला की जर्नल ०.२५ मिलिमीटरने बारीक करून तेवढंच जाड बेरिंग टाकतात. पुढच्या खेपेला ०.५०. शेलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं. ग्राइंडिंगवाला एखाद्या जर्नलवर मिलिमीटरचे तीन-चार शतांश जास्त घासून गेला तर बेरिंगचं पाकीट बरोबर, कोरलेलं माप बरोबर, बिल बरोबर, फट मात्र चुकीची. बारीक माप घेणारा मायक्रोमीटर लावला तर हे पाच मिनिटांत कळतं. नाही लावला तर अजनी चौकात कळतं.

"नवीन आहे, हळूहळू बसेल"

रिंगा बसतात, हे खरं. सिलेंडरच्या भिंतीवर घासून त्या हजारेक किलोमीटरमध्ये जम धरतात आणि ऑइल जळणं कमी होतं. बेरिंग मात्र असं बसत नाही. त्याची फट चालवून कमी होत नाही, झाली तर वाढतेच. कमी दाबाचं इंजिन 'रनिंग' करून सुधारेल या आशेवर घालवलेला प्रत्येक किलोमीटर क्रँकच्या आयुष्यातून वजा होतो.

"जाड ऑइल टाकलं की दिवा जातो"

जातो, नाकारत नाही. जाड ऑइल मोठ्या फटीतूनही कमी गळतं, म्हणून दाब वाढतो. पण फट तेवढीच राहते. वर सकाळी थंड इंजिनात ते जाड ऑइल लांबच्या टोकाला उशिरा पोचतं, आणि टर्बो असेल तर त्याच्या बारीक बेरिंगला पहिले काही क्षण कोरडं काढावं लागतं. खूप झिजलेल्या, महिन्यात दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला मालकाने समजून उमजून, मॅन्युअलमध्ये परवानगी असलेलं एक पायरी जाड ऑइल टाकलं, तर माझा विरोध नाही. पण पन्नास हजार खर्चून बांधलेल्या इंजिनात ते टाकणं म्हणजे झालेली चूक मालकाच्या नजरेआड करणं. वॉरंटीची मुदत तेवढ्यात निघून जाते, हे वेगळंच.

रस्त्यात दिवा लागला तर

आयडलला लुकलुकला आणि जरा ॲक्सिलरेटर दिल्यावर गेला, तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, पातळी बघा. पातळी बरोबर असली तरी पुढे फक्त गॅरेजपर्यंत, तेही जवळ असेल तरच. धावत्या गाडीत दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, तर कडेला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. 'वाडीपर्यंत तर जाऊ' असं म्हणू नका. कोरडं बेरिंग क्रँकला चिकटायला काही मिनिटं पुरतात, आणि मग बेरिंगबरोबर क्रँक, कधी ब्लॉकही जातो.

दादाच्या गाडीत काय निघालं

आमच्या मिस्त्रीने दोनदा स्विच बदललं होतं. मग २०डब्ल्यू-५० टाकून दिलं, दिवा आठ दिवस गेला आणि परत आला. पंप मागवायचं चाललं होतं तेव्हा आम्ही थांबवलं. आधी मूळचं ऑइल परत भरलं आणि गेज लावलं. सकाळी आयडलला साडेतीन बार. अर्धा तास कोराडी रोडला फिरवून आणल्यावर आयडलला ०.४, आणि २००० फेऱ्यांना जेमतेम १.२. सकाळचा दाब भरपूर होता, म्हणजे बूच राहिलेलं नव्हतं आणि व्हॉल्व्हही अडकलेला नव्हता. संशय फटींवर आला.

चेंबर उतरवलं, पंप उघडला. तो मापात होता. मग मेन बेरिंगच्या टोप्या एकेक करून काढल्या. फट मोजायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक दोरी येते. जर्नल आणि शेल कोरडे पुसायचे, दोरीचा तुकडा आडवा ठेवायचा, टोपी ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि टोपी परत उघडायची. दोरी दबून चपटी होते. जितकी रुंद पसरेल तितकी फट कमी. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी रुंदी जुळवून माप वाचायचं.

पहिल्या जर्नलवर हिरवी दोरी छान पसरली, ०.०४५. दुसऱ्यावर ०.०५. तिसरी टोपी उघडली तेव्हा ट्यूबलाइटखाली आम्ही दोघं वाकून बघत होतो. दोरी जवळजवळ होती तशीच, फक्त वरून किंचित सपाट. हिरव्या दोरीचं माप ०.०७६ ला संपतं, आणि आमची दोरी पाकिटावरच्या त्या शेवटच्या, सगळ्यात बारीक पट्टीपेक्षाही बारीक होती. मिस्त्रीने ती नखाने हलवून पाहिली, मग काही न बोलता मोठ्या मापाची लाल दोरी आणली. ०.०९. चौथ्या जर्नलवरही तेच. दोन जर्नलं ग्राइंडिंगमध्ये जास्त उतरली होती आणि बेरिंगचं पाकीट उघडून कोणी मायक्रोमीटर लावला नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, चूक झाली. मोजायला पाहिजे होतं." त्याचं मला बरं वाटलं, आणि पुढचं काम आम्ही त्याच्याकडूनच करून घेतलं.

क्रँक ०.५० च्या मापाला पुन्हा घासून घेतला. या वेळी सगळ्या जर्नलांची मापं मिस्त्रीने वहीत लिहिली आणि दादाने त्या पानाचा फोटो काढून ठेवला. ब्लॉक धुतला, गॅलरीतून ब्रश फिरवला. नवा फिल्टर आधी ऑइलने भरला, आणि डिझेलचा पुरवठा तोडून नुसता स्टार्टर दिला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, काटा हलेपर्यंत. मगच इंजिन सुरू केलं. ५०० किलोमीटरला ऑइल बदललं, फिल्टर करवतीने कापून त्याचा कागद उलगडून पाहिला. तांबूस चमक दिसली असती तर बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचा तांब्याचा थर झिजतोय असं समजलो असतो. थोडी काळी कच सोडली तर कागद स्वच्छ होता.

जून उजाडला तरी पाऊस नव्हता. भर दुपारी एसी सुरू ठेवून वर्ध्याला जाऊन आलो, आणि अजनी चौकाच्या त्याच सिग्नलला मी पायाशी बांधलेल्या गेजकडे बघत बसलो. १.३ बार. दुसऱ्या दिवशी गेज काढून स्विच परत बसवलं. तात्पुरत्या नळीतून गरम ऑइल वाहतं, ती सुटून सायलेन्सरवर पडली तर आग लागते, म्हणून ती गाडीत कायमची ठेवत नाहीत.